सोलापूरचं ऊन आणि रक्तातला आकडा

सोलापुरात राहून व्हिटॅमिन डीच्या कमतरतेवर काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस चमकतो. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकणारं गाव, पाऊस बेताचा, वर्षातले बहुतेक दिवस लख्ख. इथे उन्हातून फुकट मिळणाऱ्या गोष्टीची टंचाई कशी असेल? हा प्रश्न मला पीएच.डी.च्या पहिल्या भेटीत गाइड सरांनी विचारला, पुढे एथिक्स कमिटीने विचारला, परदेशी नियतकालिकाच्या परीक्षकाने विचारला, आणि पूर्वभागातल्या एका विडी कामगार अक्कांनी विचारला. माझी जवळजवळ सगळी नोकरी या एका प्रश्नामागे गेली. तो प्रवास कसा झाला, त्यात काय हाती लागलं आणि कोणत्या आशा सोडून द्याव्या लागल्या, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी बायोकेमिस्ट्रीची. एम.एस्सी.ला हा विषय आम्ही अर्ध्या पानात उरकला होता: त्वचेतल्या ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलवर सूर्याचे अतिनील ‘बी’ किरण पडले की डी-३ तयार होतं, यकृतात त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग ते कामाला लागतं. कमी पडलं तर मुलांना मुडदूस, मोठ्यांची हाडं मऊ. परीक्षेपुरतं एवढं पुरे होतं. आपल्या देशात हा त्रास नसतो, असं सरसकट मानलं जायचं आणि मीही ते तसंच लिहून आले होते.

२००० साली दिल्लीच्या एम्समधल्या गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा निबंध वाचला आणि विषयाने पकडलं. दिल्लीतल्या धडधाकट माणसांचं रक्त त्यांनी तपासलं होतं. मैदानात कवायत करणाऱ्या सैनिकांचं प्रमाण बरं होतं; डॉक्टर, परिचारिका, गरोदर बायका यांचं चांगलंच कमी. २००२ मध्ये दिल्लीतूनच आणखी एक निबंध आला: जास्त धूर असलेल्या वस्तीतल्या तान्ह्या बाळांमध्ये कमी धुराच्या भागातल्या बाळांपेक्षा व्हिटॅमिन डी कमी. म्हणजे आभाळात ऊन असणं आणि ते अंगावर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. भर दुपारी नवी पेठेत कोण दिसतं? जो तो सावली धरून चालतो.

जुने कागद काढून वाचायची मला पहिल्यापासून आवड. पोलंडच्या श्नियाडेकी यांनी १८२२ मध्येच लिहून ठेवलंय की वॉर्सा शहरातल्या मुलांना मुडदूस होतो, खेड्यातल्यांना नाही. १८९० मध्ये पाम नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी देशोदेशीच्या मिशनऱ्यांकडून माहिती मागवली आणि निष्कर्ष काढला की भरपूर ऊन असलेल्या देशांत मुडदूस विरळा. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या समजुतीचं मूळ बहुधा इथेच. पण मला सगळ्यात थांबवलं ते हचिसन आणि शहा यांच्या १९२२ च्या निबंधाने. आपल्याच मुंबई इलाख्यातली निरीक्षणं. पडद्यात राहणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या बायकामुलांत हाडांचा हा आजार दिसत होता, आणि उन्हात राबणाऱ्या गरीब घरांत, जेवण निकृष्ट असूनही, तो दिसत नव्हता. त्याच सुमारास व्हिएन्नात हॅरिएट चिक यांनी दाखवलं की मुडदूस झालेली मुलं कॉड माशाच्या तेलानेही बरी होतात आणि सूर्यप्रकाशानेही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या दाराशी कळलेली गोष्ट आपण मध्येच कुठेतरी हरवली होती.

म्हणून मी विषय मागितला तो विडी कामगार बायकांचा. सर म्हणाले, “बघ, नमुने मिळायला जड जाईल.” जड गेलंच.

ज्यांनी सोलापूरचा पूर्वभाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पद्मशाली आणि इतर तेलुगू भाषक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या इथे आहेत. पुरुष बहुतेक यंत्रमागावर, चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत, आणि बायका घरी विड्या वळतात. दाजी पेठ, साखर पेठ, अशोक चौक, पलीकडे विडी घरकुल, कुंभारीची वसाहत, सगळीकडे हेच. मी पहिल्यांदा ज्या घरी बसले तिथल्या अक्कांचे हात मी कितीतरी वेळ बघत होते. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान, पत्र्याच्या मापावर कात्रीने कापलेलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूट भरून पानात घातली, दोन बोटांत वळली, टोक दुमडलं, दोरा फिरवला, झाली विडी. बोलता बोलता, मान वर न करता. मजुरी हजार विड्यांवर. म्हणून सकाळी स्वयंपाक उरकून बसलेली बाई उजेड जाईपर्यंत उठत नाही. बसायची जागा दाराच्या आत, उंबऱ्याला लागून, कारण तिथे उजेड असतो आणि पानं वाळत नाहीत. ऊन उंबऱ्यापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. अंगावर साडी, डोक्यावर पदर, बाहेर जाणं कारखान्यात विड्या जमा करण्यापुरतं, तेही सकाळी लवकर.

त्या अक्का मला म्हणाल्या, “मॅडम, घरात पंखा नाही चालत, पत्रा तापतो, अंगाची लाही होते, आणि तुम्ही म्हणता ऊन कमी पडतं?” मी त्यांना तेव्हा जे उत्तर दिलं तेच आजही देते: तापलेल्या पत्र्याची उष्णता वेगळी आणि त्वचेला लागणारे ते किरण वेगळे. ते किरण पत्र्यातून येत नाहीत, खिडकीच्या काचेतूनही येत नाहीत, आणि लुगड्यातून फारसे येत नाहीत.

एथिक्स कमिटीची मंजुरी मिळायला वेळ लागला आणि तो वेळ सत्कारणी लागला असं मी म्हणेन. माझ्या पहिल्या आराखड्यात कमतरता सापडलेल्या निम्म्या बायकांना औषध आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी असं होतं. कमिटीतल्या एका वकील सभासदांनी सरळ विचारलं, “जिची हाडं दुखतात हे तुम्हाला रक्तावरून कळलंय, तिला तुम्ही सहा महिने काहीच देणार नाही?” आराखडा बदलला: आधी फक्त मोजायचं, प्रत्येकीला तिचा रिपोर्ट समजावून द्यायचा, आणि कमी निघेल तिच्यावर उपचार करायचेच. संमतिपत्र मराठीत आणि तेलुगूत. प्रत्यक्षात बऱ्याच बायका बोलायच्या तेलुगू आणि वाचायच्या मराठी, म्हणून मजकूर मराठीत दाखवून तेलुगूत समजावणं असं चालायचं. सही येत नसेल तर अंगठा आणि सोबत साक्षीदार. एका मुद्द्यावर मी अडून बसले: रक्त द्यायला आणि प्रश्नावली भरायला जो वेळ जातो तेवढ्या विड्या बुडतात, त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळालीच पाहिजे. नियमात तशी सोय आहे. ती वापरायला लोक कचरतात, कारण त्याला आमिष म्हटलं जाईल अशी भीती असते. हजार विड्यांवर घर चालवणाऱ्या बाईचा अर्धा दिवस फुकट घेणं मला पटत नव्हतं आणि अजूनही पटत नाही.

रक्त गोळा करायला देवळाचा मंडप मिळाला. पहिल्या दिवशी कुणी आलंच नाही. रक्त काढून विकतात, अशी गल्लीत बोलवा होती. आमच्या कामात मदत करणाऱ्या आशाताईंनी मग स्वतःचं रक्त सगळ्यांसमोर काढून दाखवलं आणि मंडप भरला. त्या बाईचे उपकार माझ्या प्रबंधावर किती आहेत हे आभाराच्या पानात मावलं नाही.

प्रयोगशाळेची बाजू लोकांना दिसत नाही म्हणून थोडं सविस्तर. शरीरातला साठा कळायला मोजतात ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. रक्तात ते दोन-तीन आठवडे टिकून राहतं. खरं काम करणारं रूप वेगळं, पण त्याचं आयुष्य तासांचं, आणि साठा कमी असतानाही शरीर त्याची पातळी ओढूनताणून राखतं, म्हणून त्यावरून काही कळत नाही. त्या काळी भारनियमन जोरात होतं. उणे ८० अंशाच्या फ्रीझरचा काटा वर सरकायला लागला की आम्ही जनरेटरकडे धावायचो. २५-हायड्रॉक्सी तसं चिवट असतं, सीरममध्ये सहजासहजी बिघडत नाही. नाजूक असतं ते पॅराथायरॉइड हार्मोन, पीटीएच. रक्त घेतल्या घेतल्या बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज, लगेच गोठवणं. मंडपातून प्रयोगशाळेपर्यंत थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसलेली मी, हे चित्र माझ्या विद्यार्थ्यांनी बरंच पाहिलंय. नमुन्यांची निवडक तपासणी पुण्याला व्हायची. त्यासाठी ड्राय आइसही पुण्याहूनच यायचा.

आणि मग आकडे. बहुतेक बायकांचे मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली, म्हणजे कमतरतेच्या रेषेखाली, बऱ्याच जणींचे १० च्याही खाली. मी कागदाकडे बघत बसले. पण बायोकेमिस्टचं पहिलं काम आकड्यावर शंका घेणं. एकाच सीरमचे तीन भाग करून तीन ठिकाणी, तीन पद्धतींनी मोजले. रेडिओइम्युनोअ‍ॅसेने एक सांगितलं, केमिल्युमिनेसन्सने दुसरं, मास स्पेक्ट्रोमीटरने तिसरं. एकाच बाईला एक प्रयोगशाळा ‘कमतरता’ म्हणाली आणि दुसरी ‘पुरेसं’. ही अडचण जगभर माहीत होती. ब्रिटनमध्ये १९८९ पासून याच मोजणीची गुणवत्ता तपासणारी योजना चालू आहे, आणि २०१० मध्ये अमेरिकेतून सगळ्या पद्धती एका मापावर आणायचा कार्यक्रम सुरू झाला. पण आपल्याकडे रिपोर्ट हातात पडलेल्या माणसाला हे कोण सांगतं? २३ आलं की घाबरायचं, २५ आलं की थोडं हायसं वाटायचं. त्या दोन आकड्यांमधला फरक यंत्राचाही असू शकतो.

तरीही आमच्या बायकांचे आकडे कोणत्याही मापाने कमीच होते, आणि ज्यांचं फार कमी होतं त्यांचं पीटीएच वर गेलेलं होतं. म्हणजे शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्त सांभाळत होतं. कागदावरचा हा अर्थ मला एका अक्कांनी डोळ्यांसमोर दाखवला. वय चाळिशीच्या आतलं. नमुना देऊन उठताना त्यांनी आधी दोन्ही तळवे मांड्यांवर टेकले, मग एक हात भिंतीला, मग गुडघ्यावर भार देत देत कशाबशा उभ्या राहिल्या, आणि झुलत झुलत चालायला लागल्या. संधिवात म्हणून बरीच वर्षं दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या. कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात, जिना चढवत नाही, मांडी घालून बसलं की उठवत नाही. आमच्या चमूतल्या फिजिशियननी रक्त बघितलं: फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, पीटीएच वाढलेलं, व्हिटॅमिन डी नावाला. एक्स-रेत खुब्याजवळच्या हाडात बारीक आडवी फट. ऑस्टिओमलेशिया, हाडं मऊ पडणं. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं. त्यांना व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम सुरू केलं. स्नायूंची ताकद आधी परतली, दुखणं मागाहून ओसरत गेलं. काही महिन्यांनी त्या आमच्या विभागाचा जिना चढून स्वतः आल्या. माझ्या कामात औषधाचा इतका स्वच्छ परिणाम मी क्वचितच पाहिला असेल. व्हिटॅमिन डी खरंच कमी असतं तेव्हा ते दिल्याने माणूस उभा राहतो, यावर माझा विश्वास त्या दिवसापासून कधी हलला नाही.

या अक्कांच्या जेवणाची नोंद करताना दुसरा धागा मिळाला. सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी, डाळीचं पाणी, शेंगाचटणी, चहात घोटभर दूध. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅम, आणि त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य असलेलंही धरून ठेवतं. तिरुपतीला हरिनारायण यांनी २००७ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: कॅल्शियम कमी, फायटेट जास्त, आणि त्याच्या जोडीला व्हिटॅमिन डीची कमतरता. नायजेरियात थॅचर यांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की तिथल्या मुडदूस झालेल्या मुलांना नुसत्या व्हिटॅमिन डीपेक्षा कॅल्शियमने जास्त फरक पडतो. त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, ‘नेचर’मध्ये क्लेमंट्स आणि सहकाऱ्यांनी कारण सांगितलं होतं: आहारात कॅल्शियम कमी असेल तर शरीरातलं व्हिटॅमिन डी लवकर खर्च होतं. म्हणजे आमच्या गल्लीतल्या बाईला दोन्हीकडून मार. ऊन उंबऱ्यापाशी थांबलेलं, आणि जे थोडंफार बनतं तेही भरभर संपणारं. गळक्या माठात पाणी भरत राहण्यासारखं हे आहे. फक्त डी देत राहिलो आणि ताटाकडे पाहिलंच नाही, तर काम अर्धवट राहतं.

निबंध पाठवला तेव्हा परीक्षकाने लिहिलं, १७ अंश अक्षांशावर हे निष्कर्ष विश्वासार्ह वाटत नाहीत. त्यांचं म्हणणं भूगोलाच्या दृष्टीने बरोबर होतं. सोलापुरात २१ डिसेंबरलाही माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४९ अंश वर असतो; एक मीटरच्या काठीची सावली साधारण ८७ सेंटिमीटर पडते. लंडनमध्ये त्याच दिवशी ती साडेतीन मीटरच्या पुढे जाते. आमच्याकडे किरणांचा हंगाम कधी संपतच नाही. हे सगळं मान्य करून मी उत्तरात बायकांच्या दिवसाचं वेळापत्रक जोडलं, कपड्यांनी झाकलेल्या अंगाचा अंदाज जोडला, खांद्यावर लावायच्या पॉलिसल्फोनच्या पट्ट्या जोडल्या, ज्या अंगावर पडलेले अतिनील किरण मोजतात. दोन फेऱ्यांनंतर निबंध स्वीकारला गेला.

पुढची काही वर्षं या विषयाला भरती आली होती. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, क्षय, नैराश्य, जे पाहावं त्यात व्हिटॅमिन डी कमी. आमच्याही मधुमेहाच्या रुग्णांत ते कमी सापडलं. परिषदांमध्ये सभागृहं ओसंडून वाहायची. याच काळात ६०,००० युनिटची पुडी घरोघरी पोचली, आणि तपासणीच्या पॅकेजमध्ये व्हिटॅमिन डी कायमचं जाऊन बसलं. आजारी माणूस घरात बसतो, लठ्ठ माणसाच्या चरबीत व्हिटॅमिन डी अडकून राहतं, म्हातारा माणूस उन्हात कमी जातो. या सगळ्यांच्या रक्तात आकडा कमी दिसणारच. आकड्यामुळे आजार झाला की आजारामुळे आकडा उतरला, हे निरीक्षणातून ठरत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. माझ्या ऐपतीबाहेरचं ते काम होतं. ज्यांची ऐपत होती त्यांनी ते केलं, आणि मी त्यांच्या निकालांची वाट बघत राहिले.

निकाल एकामागोमाग एक आले. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ नावाच्या चाचणीत २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून जास्त काळ: कर्करोग आणि हृदयविकाराच्या प्रमाणात फरक नाही. २०२२ मध्ये त्याच माणसांच्या फ्रॅक्चरचा हिशेब आला, तिथेही नाही. ऑस्ट्रेलियात २१ हजारांवर वयस्कांना महिन्याला ६०,००० युनिट दिले, मृत्यूच्या प्रमाणात फरक नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांना रोज ४,००० युनिट देणारी चाचणी २०१९ मध्ये संपली. थोडा कल दिसला, पण तो योगायोगापेक्षा वेगळा काढता आला नाही. पुढे २०२३ मध्ये अशा तीन चाचण्या एकत्र केल्यावर धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसला. हा फायदा आहे, पण लहान आहे, आणि वजन-व्यायामाच्या फायद्यापुढे तर फारच लहान.

माझ्या मनात तेव्हा एक आधार शिल्लक होता. या चाचण्यांमधल्या बहुतेक माणसांचं व्हिटॅमिन डी मुळात ठीक होतं. ज्याचं पोट भरलंय त्याला वाढून काय होणार? आमच्या गल्लीसारख्या खरोखर कमतरता असलेल्या लोकांत काय होईल? त्याचंही उत्तर २०२० मध्ये मंगोलियातून आलं. ८,८५१ शाळकरी मुलं, जवळजवळ सगळ्यांचं व्हिटॅमिन डी २० च्या खाली, तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट. रक्तातला आकडा छान वर आला. क्षयाचा संसर्ग मात्र कमी झाला नाही. क्षय हा आमच्या यंत्रमाग वस्तीतला घरोघरचा विषय, म्हणून त्या निबंधाने मला फार वाईट वाटलं. स्वस्त, साधं काहीतरी हाती येईल अशी आशा होती. मग मी त्या चमूच्या कामाबद्दल विचार केला: थंडीत, दूरदूरच्या शाळांमध्ये, तीन वर्षं आठवड्याची गोळी चुकू न देता एवढा स्वच्छ ‘नाही’ मिळवणं हे केवढं मोठं काम आहे! आमच्या विभागातल्या मुलांना संशोधनपद्धती शिकवताना मी आजही याच निबंधापासून सुरुवात करते.

म्हणून आता कुणी विचारलं की मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवते. हाडं आणि स्नायू: इथे पुरावा भक्कम, कमतरता असेल तर उपचार हवेच. तान्ही बाळं: पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब, ही बालरोगतज्ज्ञांची शिफारस मनापासून पाळावी. बाकी सगळे आजार: तिथे व्हिटॅमिन डीच्या नावावर खर्च करण्याआधी थांबावं. २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने तर धडधाकट प्रौढांची सरसकट तपासणीच नको असं स्पष्ट लिहिलंय. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, ७५ वरचे वृद्ध आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक यांना तपासणीशिवाय पूरक मात्रा द्यायला त्यांची हरकत नाही.

पुडीबद्दल मला तळमळीने सांगायचंय. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांनी ती रोज दुधातून घेतली, कारण चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एकदा’ कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. उलट्या, बद्धकोष्ठ, बरळणं, रक्तात कॅल्शियम वाढलेलं, मूत्रपिंडावर ताण. वाचले, पण बरेच दिवस रुग्णालयात काढून. उन्हाने असं कधी होत नाही. त्वचेत जास्तीचं व्हिटॅमिन डी उन्हातच दुसऱ्या निरुपयोगी पदार्थांत बदलतं. तोंडावाटे घेतलेल्याला तशी सोय नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिलेल्या वृद्ध स्त्रिया निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. २०१० पासून हे छापील आहे.

आणि कोवळ्या उन्हाचं. न्हाऊमाखू घातलेल्या बाळाला सकाळच्या उन्हात धरायची आपली पद्धत मला प्रिय आहे, ऊब मिळते, आईलाही चार क्षण बाहेर बसायला मिळतं. व्हिटॅमिन डी मात्र त्या उन्हातून जवळजवळ मिळत नाही. तिरपे किरण हवेच्या जाड थरातून येतात आणि ओझोन त्यातला कामाचा भाग गिळतो. गल्लीत आम्ही याचा खेळच केला. मुलांना खडू दिले आणि आठला, दहाला, साडेबाराला एकमेकांच्या सावल्या आखायला लावलं. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तोवर उपयोग थोडा. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. सोलापुरात सूर्य डोक्यावर येतो तो साधारण साडेबाराच्या आसपास, घड्याळाच्या बाराला नाही. थंडीत त्या वेळी हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसणं सोसवतं. मे महिन्यात तसं बसा असं मी कुणाला सांगणार नाही, उष्माघाताने माणसं जातात. त्वचा तांबडी होईपर्यंत तर कधीच नको.

हे सगळं ऐकून एक म्हातारी अक्का म्हणाल्या, “साडेबाराला उठून बाहेर बसले तर विड्या कोण वळणार?” त्या वाक्याने माझ्या पुढच्या कामाची दिशा ठरली. सल्ला असा हवा की जो हजार विड्यांच्या आड येणार नाही. कुंभारीच्या वसाहतीत काही घरांसमोर ओटे आहेत. तिथे दुपारच्या जेवणाची सुट्टी ओट्यावर काढायला आम्ही सुचवलं, भिंतीला टेकून, डोक्यावर पदर आणि हात उन्हात. ज्यांना जमलं त्या बसायला लागल्या. एकटीने नाही, चौघी-पाच जणींनी मिळून.

ताटाचंही तसंच. दूध परवडत नाही असं घरचे सांगतात तेव्हा ते खरं असतं. १०० ग्रॅम नाचणीत ज्वारीच्या दहापटीहून जास्त कॅल्शियम आहे, तिळात हजार मिलिग्रॅमच्या वर. संक्रांतीपुरते तीळ आणि बाकी वर्ष शेंगदाणे असा आपला रिवाज. चटणीत मूठभर तीळ वर्षभर घातले तर चव बिघडत नाही हे मी घरी करून मग गल्लीत सांगितलं. तेलाच्या आणि दुधाच्या पिशवीवरची ‘+F’ ही निळी खूण बघायलाही शिकवलं, त्यात ए आणि डी मिसळलेलं असतं. २०२० मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने रोजची शिफारस ६०० युनिट केली आहे. आपल्या नेहमीच्या जेवणातून, अशी भर घातल्याशिवाय, त्याच्या जवळपासही जाता येत नाही.

सध्या मी यावरच नवा आराखडा लिहितेय. दोन गट, दोन्हींना व्हिटॅमिन डी, त्यातल्या एका गटाच्या रोजच्या जेवणात नाचणी, तीळ आणि ताकाची भर, आणि दोघांच्या पीटीएचची सुरुवातीला व सहा महिन्यांनी तुलना. कोणालाही रिकाम्या हाती ठेवायचं नाही, हे पहिल्याच पानावर लिहिलंय. कमिटीने या वेळी दोन शंका काढल्या: नाचणी-तिळाचा खर्च अभ्यास संपल्यावर कोण करणार, आणि घरात आणलेलं ताक बाई स्वतः पिणार की मुलांना देणार. दुसऱ्या शंकेवर मी आशाताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, मुलांनाच देणार, तेव्हा अख्ख्या घरापुरतं धरा. खर्चाचा तक्ता मी आता तसा बदलतेय.